कॉम्प्युटरची वाटणी आपल्या हाताने

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पोटगी, जमीन, हिंसाचार या विषयांच्या शिबिरात कॉम्प्युटर कशाला, असे सकाळी दोघीतिघींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आपल्या केंद्राच्या कोपऱ्यात कापड झाकून ठेवलेला जुना कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणा आणि त्यात काय काय आहे ते आठवा. बायांचे तक्रारअर्ज, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली केलेल्या अर्जांच्या प्रती, कोर्टाच्या तारखा, बचत गटांचे हिशेब, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या याद्या. म्हणजे ते आपले दप्तर आहे. पण त्याची किल्ली आपल्याकडे नाही. मशीन अडले की आपण दुकानातल्या मुलाला फोन करतो, तो 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

आता हा प्रश्न टाळता येणार नाही. आपल्या बहुतेक मशीनवर विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. वैयक्तिक वापरासाठी आणखी एका वर्षाची सोय जाहीर झाली, पण ती तात्पुरती. मशीन बंद पडत नाही, काम चालूच राहते. मात्र त्यात नवे भोक सापडले तर ते बुजवायला कोणी येत नाही. विंडोज ११ घालावे तर त्याला किमान ४ जीबी मेमरी, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. दहाबारा वर्षांपूर्वी देणगीत मिळालेले मशीन या अटीत बसत नाही. मग दुकानदार सांगतो, भंगारात द्या आणि नवे घ्या. नाहीतर कुठली तरी चोरीची प्रत टाकून देतो आणि तिच्यातून काय आत शिरले ते कोणालाच कळत नाही.

तिसरी वाट आहे. जुने तसेच ठेवायचे आणि त्याच मशीनमध्ये शेजारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनचा सगळा कारभार पाहणारी व्यवस्था. विंडोज ही तशी एक, लिनक्स ही दुसरी. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना वापरता, तपासता, वाटता येईल अशा सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्सची आवृत्ती काढली. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर मुले शिकतात. प्रत फुकट मिळते आणि मैत्रिणीला देणे हा गुन्हा ठरत नाही.

जुने न पाडता त्याला बळकटी देणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात काही गावे नव्याने वसली, पण असंख्य घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. त्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत गावोगावच्या महिला मंडळांच्या बाया पुढे आल्या. भूकंपाला टिकणारे बांधकाम कसे असते ते त्या शिकल्या, गवंड्यांच्या कामावर लक्ष ठेवू लागल्या. बांधकाम हे पुरुषाचे काम, हे तेव्हाही त्यांना ऐकावे लागलेच असेल. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाले. आपल्यातल्या कितीजणींकडे ते सर्टिफिकेट आहे, हात वर करा. बघा, किती हात! तरी मशीनचे झाकण आपण उघडत नाही. 'बिघडेल, हात लावू नको' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, ते अजून कानात आहे.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट, सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची. ती दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायची आणि मगच कपाटात कुलपात ठेवायची. प्रत तपासल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही.

दुसरी गोष्ट, लिनक्स आधी न बसवता चालवून पाहायचे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती जुन्या मशीनला झेपते. तिला निदान २ जीबी मेमरी, २० जीबी जागा आणि ६४ बिटचा प्रोसेसर लागतो. मेमरी ४ जीबी असली तर बरे. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती तयार करून मशीन त्यावरून सुरू करता येते. सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी कंपनीप्रमाणे वेगळे बटण दाबावे लागते. अशा वेळी डिस्कवर आपोआप काही लिहिले जात नाही. प्रिंटर चालतो का, इंटरनेट लागते का, मराठी टाइप होते का, हे निवांत तपासा.

तिसरी गोष्ट, जागेची वाटणी. विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंटमधून चालू भाग आक्रसून घ्यायचा आणि ४०-५० जीबी मोकळी करायची. फास्ट स्टार्टअप बंद करायचे. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवायची.

यानंतर पडद्यावर एक प्रश्न येतो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. एक ओळ म्हणते 'इन्स्टॉल अलाँगसाइड', म्हणजे जुन्याच्या शेजारी बसवा. दुसरी म्हणते 'इरेज डिस्क', म्हणजे सगळे पुसून टाका. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, तरी भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर न वाचता सह्या करणाऱ्या बहिणी आपण रोज पाहतो. ही दुसरी ओळ तशीच आहे. वाचल्याशिवाय बटण दाबायचे नाही. शेजारची ओळ दिसलीच नाही तर तिथेच थांबायचे. आणि हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर करायचे, कारण मधेच लाइट गेली तर दोन्हीकडचे जाऊ शकते. काम झाले की मशीन दर वेळी सुरू होताना विचारते, कोणत्या घरात जायचे?

जुने घर ठेवायचे ते दोन कारणांनी. एक, टॅलीसारखी कामे विंडोजवरच चालतात. दोन, आपले जुने मराठी. श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले अर्ज युनिकोडमध्ये नसतात. तो फाँट नसलेल्या मशीनवर ती अक्षरे निरर्थक दिसतात. अशा फायलींची पीडीएफ करून ठेवा, लागतील त्या सवडीने युनिकोडमध्ये बदला. तोवर विंडोज वापरा, पण इंटरनेट तोडून. बाहेरचे सगळे काम लिनक्सवर.

शेवटचे आणि गंभीर. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केले की विंडोजचा पासवर्ड न देताही त्यातल्या फायली उघडतात. डिस्क सांकेतिक केलेली नसेल तर कोणालाही उघडतात. म्हणजे मशीन दुरुस्तीला गेले की मारहाण झालेल्या बाईचा जबाब, तिचा पत्ता, ती सध्या कुठे राहते, हे सगळे दुकानात जाते. आपल्या गावांत दुकानदार कोणाचा भाचा आणि कोणाचा मित्र असतो हे मी सांगायला नको. नवऱ्याला पत्ता कळला तर काय होते हेही तुम्हाला माहीत आहे. म्हणून लिनक्स बसवताना 'होम फोल्डर एन्क्रिप्ट' हा पर्याय निवडा आणि केसचे कागद तिथेच ठेवा. कपाटातल्या प्रतीलाही असेच कुलूप हवे. पासवर्ड विसरला तर कागद परत मिळत नाहीत, तेव्हा तो दोन जबाबदार कार्यकर्त्यांना माहीत असावा. मशीनवर चिकटवलेला नसावा.

लिनक्सने जुनी डिस्क नवी होत नाही. ती कधीतरी जाणारच, म्हणून प्रत दर महिन्याला घ्यायची. पण मशीनचे आयुष्य काही वर्षे वाढते, पैसे वाचतात आणि दप्तर आपल्या ताब्यात येते.

माझी सूचना अशी. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येकातून दोघींनी हे शिकावे. पहिले मशीन असे निवडा ज्यात केसचे कागद नाहीत. केलेली प्रत्येक पायरी मराठीत वहीत लिहा, म्हणजे पुढचीला ती वही देता येईल. दुकानातल्या मुलाची मदत घ्यायला हरकत नाही, पण खुर्चीत आपण बसायचे आणि त्याने बाजूला उभे राहून सांगायचे. दुपारच्या सत्रात एक मशीन इथेच लावणार आहोत. कोणकोणत्या तालुक्यातून नावे येतात ते आता लिहून घेऊ.