जुना रेडिओ उघडताना

माळ्यावरच्या अडगळीतून एखाद्या दिवशी आजोबांच्या काळचा रेडिओ खाली उतरतो. लाकडी पेटीवरची धूळ पुसली जाते, काचेच्या पट्टीवरील मुंबई, दिल्ली, कोलंबो ही नावे पुन्हा दिसू लागतात, आणि घरातल्या कोणाला तरी मोह होतो की, पाहू तरी, अजून बोलतो का! मुंबईच्या चोरबाजारातून असे रेडिओ हौसेने विकतही आणले जातात. हौस निर्मळ आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु पेटीची पाठ उघडण्यापूर्वी हौशी माणसाने हे ध्यानात घेतले पाहिजे की, ज्या कारागिरांनी ही पेटी बनवली, त्यांनी वापरणाराच्या सुरक्षिततेचा बराचसा भार त्या पेटीवरच टाकलेला होता. मागचा पुठ्ठा काढला, बटणांच्या टोप्या उपटल्या, की ती सुरक्षितता दुरुस्ती करणाराने स्वतःच्याच हाताने बाजूला ठेवलेली असते.

खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ तीन ते नऊ व्होल्टांच्या विद्युद्घटावर चालतो. व्हॉल्व्हच्या रेडिओची गोष्ट निराळी. त्यातील व्हॉल्व्हला दोन-अडीचशे व्होल्टांचा दाब लागतो, आणि तो दाब उघड्या तारांवर, सांध्यांवर, व्हॉल्व्हच्या बैठकीखाली जागोजाग हजर असतो.

त्यातही एक जात विशेष धोक्याची. १९३० ते १९५० च्या दशकांत सर्व शहरांचा वीजपुरवठा एकाच तऱ्हेचा नव्हता. कलकत्त्याच्या काही भागांत घरोघर डी. सी. प्रवाह येत असे. ट्रान्सफॉर्मर डी. सी. वर चालत नाही. म्हणून कारखानदारांनी ट्रान्सफॉर्मर वगळून, दोन्ही प्रवाहांवर चालणारे ए. सी.-डी. सी. संच काढले. ते स्वस्त आणि हलके असल्यामुळे जेथे ए. सी. होती तेथेही पुष्कळ खपले. यांच्या व्हॉल्व्हची फिलामेंटे माळेतल्या मण्यांसारखी एकापुढे एक जोडलेली असतात. युरोपीय पद्धतीच्या संचात व्हॉल्व्हच्या नावाचे पहिले अक्षर 'यू' दिसले, उदाहरणार्थ यूएल ४१ किंवा यूवाय ४१, की संच बहुधा याच कुळातला समजावा.

या कुळात विजेची एक तार सरळ चेसिसला, म्हणजे ज्या पत्र्याच्या सांगाड्यावर सगळे भाग बसवलेले असतात त्याला, जोडलेली असते. जुन्या दोन खिळ्यांच्या प्लगला उलटसुलट नसते. तो एका बाजूने खोचला तर चेसिस निरुपद्रवी; दुसऱ्या बाजूने खोचला की अख्ख्या सांगाड्यावर २३० व्होल्ट. संच दोन्ही वेळा सारखाच गोड गातो! याहून कपटी प्रकार असा की, ज्या संचात बटण चेसिसकडची एकच तार तोडते, तेथे प्लग एका बाजूने बसला असता, बटण बंद केल्यावरही फिलामेंटांच्या माळेतून वीज चेसिसपर्यंत पोहोचते. 'बंद तर केला होता' हे वाक्य अशा संचापुढे अगदी निरर्थक आहे. बटणाच्या टोपीतला बारीक स्क्रू मेणाने बुजवलेला आढळतो; नवशिक्याला तो मळ वाटतो आणि तो खरवडून काढतो. वस्तुतः त्या स्क्रूमार्गे वीज बोटापर्यंत येऊ नये म्हणूनच ते मेण भरलेले असते. एरियलच्या तारेत एक लहानसा कंडेन्सर घातलेला असतो, त्याचे कामही हेच. सत्तर वर्षांनी त्याचा विद्युद्रोध ढासळला, की छताशी बांधलेली तांब्याची जाळीसुद्धा विजेने भारलेली असू शकते.

यावर योजल्या जाणाऱ्या उपायांबाबत गैरसमज फार. दुरुस्तीच्या दुकानात संचाच्या मालिकेत दिवा जोडण्याची चाल आहे. चाल उत्तम, आत शॉर्ट असेल तर दिवा लखलखतो आणि संच जळत नाही. पण ६० वॅटच्या दिव्यातून सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. हाताची मूठ आवळून सुटेनाशी होण्यास १० ते १५ मिलिअँपिअर पुरतात, आणि ५० च्या आसपास प्रवाह सेकंदभर छातीतून वाहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. दिवा संचाला वाचवतो, माणसाला नव्हे. दाब हळूहळू चढवणाऱ्या व्हेरिअ‍ॅकचेही तेच. त्यात गुंडाळी एकच असल्याने संच वीजवाहिनीपासून अलग होत नाही. घरात बसवलेला ३० मिलिअँपिअरचा संरक्षक स्विच जमिनीकडे निसटणारा प्रवाह ओळखतो. परंतु ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे तयार झालेल्या उच्च दाबाची त्याला वार्ताही नसते. चेसिसला 'अर्थिंग' देण्याचा उत्साह तर ए. सी.-डी. सी. संचाच्या बाबतीत सरळ शॉर्टलाच आमंत्रण. खरा उपाय म्हणजे दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, जितका दाब घेईल तितकाच देणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तोही सर्वशक्तिमान नाही. दोन हात दोन निरनिराळ्या ठिकाणी टेकले तर तो काहीच करू शकत नाही. म्हणूनच जुने कारागीर चालू संचात बोट घालताना डावा हात खिशात ठेवीत, आणि घड्याळ-अंगठी आधीच उतरवून ठेवीत.

प्लग भिंतीतून उपसल्यावर तरी निश्चिंत व्हावे काय? गाळणीच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टांपर्यंतचा साठा राहिलेला असतो. धडधाकट संचात तापलेले व्हॉल्व्ह तो क्षणार्धात ओढून घेतात. पण दुरुस्तीला येतो तो संच धडधाकट नसतोच. व्हॉल्व्ह गेलेला असेल तर साठ्याला बाहेर पडण्याची वाटच उरत नाही, आणि तो बराच वेळ तसाच दबा धरून बसतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी उडवून तो रिकामा करणे दिसायला मर्दानी, पण त्याने कंडेन्सर दुखावतो आणि हातही दचकतो. सुमारे २००० ओहमचा, १० वॅटचा रोध इन्सुलेशनच्या मुठीत धरून काही सेकंद लावावा, आणि मग मीटरने पाहावे.

मुंबईत दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले. त्या जमान्यातील दूरचित्रवाणी संचही आता जुन्या वस्तूंत जमा झाले आहेत. त्यांच्या चित्रनलिकेवर पंधरा हजार व्होल्टांच्या आसपास दाब असतो, रंगीत संचात वीस-पंचवीस हजार. नलिकेची काच स्वतःच कंडेन्सर बनते आणि एकदा रिकामी केल्यावरही थोडा भार पुन्हा वर आणते. त्या झटक्यापेक्षाही झटक्याने हातातून सुटणारी निर्वात नलिका अधिक भयंकर. हौशी माणसाने या वाटेला न जाणेच बरे.

रेडिओ दुरुस्त होतो, कोठले तरी केंद्र लागते, घरची मंडळी गोळा होतात. पुष्कळदा येथेच काम संपले असे मानून मागचा पुठ्ठा कोपऱ्यात टाकून दिला जातो, कारण तो कुजलेला आणि कुरूप असतो. त्याच्या जागी त्याच मापाचा, हवेसाठी भोके पाडलेला नवा पुठ्ठा कापून बसवावा, बटणांच्या स्क्रूंवर पुन्हा मेण भरावे, आणि मगच पेटी मुलांच्या हाताशी येईल अशा टेबलावर ठेवावी.