गिधाड आणि वेदनाशामक औषध

रामायणातील जटायूपुढे आपण हात जोडतो. व्यवहारात मात्र ‘गिधाड’ हा शब्द शिवीसारखा वापरतो. गावाबाहेर टाकलेल्या ढोराचा थोड्याच वेळात सांगाडा करणारा हा पक्षी किती उपकारक होता, हे तो दिसेनासा झाल्यावरच लोकांच्या ध्यानात आले.

१९९० नंतरच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांना मान लोंबकळत बसलेली आजारी गिधाडे आढळू लागली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारी जेमतेम एक उरले. साथीच्या रोगाचा संशय घेतला गेला. पण २००४ मध्ये लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत गिधाडे तपासली, तेव्हा त्यांच्या अंतर्गत अवयवांवर यूरिक आम्लाची पांढरी पुटे दिसली. मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि ती निकामी करणारे द्रव्य होते डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक.

लंगडणाऱ्या बैलाला त्याची सुई दिली जाई. तो लवकरच दगावला, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राही. एका ढोरावर गिधाडांचा थवाच उतरत असल्याने शेकडा एकाहूनही कमी ढोरांत विष असले, तरी एवढा संहार घडण्यास ते पुरेसे होते. मुंबईत डुंगरवाडीच्या दोखम्यांवर पारशी समाजाला सूर्यकिरण एकवटणारी साधने बसवावी लागली, ती यामुळेच.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅम उपलब्ध होते. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये कुपीचे माप ३ मिलिलिटरवर आणावे लागले. कायदा झाला म्हणजे काम संपले असे नव्हे, हाच याचा बोध.

माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. तथापि मूत्रपिंडातील रक्तप्रवाह सांभाळणाऱ्या द्रव्यांना ही औषधे आवर घालतात. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडलेले असताना, वार्धक्यात, किंवा मूत्रपिंड आधीच दुबळे असताना गुडघेदुखीची गोळी मनाने घेणे धोक्याचे ठरू शकते. सीटी स्कॅनसाठी शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देण्यापूर्वीही मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो व चालू असलेली औषधे डॉक्टरांना सांगणे हिताचे. मूत्रपिंड पुष्कळदा दुखत नाही, तक्रार करीत नाही. बिचारी गिधाडेही बोलली नव्हती.