पापलेटची पिल्ले आणि समुद्राचा कायदा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी 'मुलांचा अभ्यास' किंवा 'पावसाळ्यातील आरोग्य' यांपैकी एखाद्या विषयावर बोलावे, अशी चिटणीसबाईंची सूचना होती. मासळीच्या कायद्यावर बोलते असे मी म्हणाले तेव्हा त्या जरा थबकल्याच. राहायचे डोंगरावर, वर्षाचे चार महिने धुके अंगावर घ्यायचे आणि भाषण करायचे समुद्रावर! शिवाय आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी मासे शिजत नाहीत. त्या भगिनींनी थोडा वेळ सोसून घ्यावे. माझे माहेर उरणजवळच्या करंज्याचे. चाळीस वर्षे लोणावळ्यात संसार केला, शाळेत मुली शिकवल्या, पण बाजारात मासळीच्या पाटीपाशी पाय आपोआप थांबतात ते काही गेले नाही.

मागल्या वर्षी असेच पाय थांबले. घाट चढून येणाऱ्या आमच्या नेहमीच्या कोळणीने पापलेटचे वाटे मांडले होते. तळहातापेक्षाही लहान मासे, आठ-आठ, दहा-दहांचा एक वाटा. मोठ्या पापलेटचा भाव ऐकून आपण पुढे सरकतो, हे तुम्हां सर्वांनाच ठाऊक आहे. हा वाटा मात्र परवडणारा होता. नातू आला होता, मी दोन वाटे घेतले आणि कुरकुरीत तळले. नेमका त्याच दिवशी माझा थोरला भाऊ आला. त्याचा जन्म समुद्रावर गेला, आता त्याने होडी विकली आहे. ताट पुढे ठेवले तर हा जेवेना. मी आग्रह केला तेव्हा एवढेच म्हणाला, "बाय, यांनी अजून एकदाही अंडी घातली नव्हती गं."

मला राग आला, खोटे कशाला सांगू. बहिणीने हौसेने रांधावे आणि भावाने असे बोलावे! पण रात्री तो जे बोलला आणि त्यानंतर मी जे वाचले, तेच आज सांगणार आहे.

पापलेट हा २०२३ सालापासून आपला राज्यमासा आहे. सातपाटीच्या लोकांनी त्यासाठी मागणी लावून धरली होती, कारण त्यांच्या गावाचे नावच या माशावर. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांचे किमान माप ठरवून दिले. त्याहून लहान मासा धरायचा नाही. केरळने हे काम २०१५ मध्येच सुरू केले होते, आपण दुसरे. पापलेटचे माप १३५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंचांहून थोडे अधिक. बोंबलाचे १८०, म्हणजे सात इंच. ही मापे मनाला येतील तशी काढलेली नाहीत. कोणता मासा केवढा झाला म्हणजे वीण देऊ लागतो, याचा अभ्यास कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे करीत आहेत. त्यांच्या शिफारशीवरून ही यादी आली. माझ्या वाट्यातले मासे या मापाला उतरले असते का? मी मोजले नव्हते. आता वाटते, नसते उतरले.

कोणी म्हणेल, समुद्र केवढा अफाट, त्यातले दहा-वीस मासे तळले तर काय बिघडते? कॅनडाच्या किनाऱ्यावरचे लोकही असेच म्हणत होते. तिथल्या न्यूफाउंडलंड बेटापाशी कॉड नावाचा मासा शतकानुशतके अमाप मिळे. मोठाल्या जहाजांनी तो इतका उपसला की १९९२ साली सरकारला कॉडची मासेमारीच बंद करावी लागली. हजारो माणसांचे काम एका दिवसात गेले. बंदी घातल्यावर दोन-चार वर्षांत मासा परत येईल असे वाटले होते. तीस वर्षे गेली तरी पूर्वीचे दिवस आले नाहीत.

आपल्याकडे कायदा झाला तो काही कचेरीत बसून कोणाला सुचला म्हणून नव्हे. किनाऱ्यावर ओढायच्या रापणीवर पोट भरणारे गोव्याचे लोक, रापणकार, १९७० नंतरच्या दशकात रस्त्यावर उतरले. यांत्रिक ट्रॉलर अगदी किनाऱ्यापर्यंत येऊन तळ खरवडून नेऊ लागले होते. इतर राज्यांतही अशाच मारामाऱ्या झाल्या. केंद्र सरकारने १९७६ मध्ये समिती नेमली, तिने कायद्याचा नमुना करून दिला. गोवा आणि केरळ यांनी १९८० मध्ये कायदा केला आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये, तो 'महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम'. किनाऱ्यालगतच्या पाच-दहा वाव खोलीच्या पाण्यात ट्रॉलरला बंदी, बोटीला परवाना, जाळ्याच्या आसाला माप, हे सारे त्याच्या आधाराने आले. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होते तेवढे अंतर. करंज्याला आमची आजी दोरीसुद्धा वावेनेच मोजी.

पण राज्याचा हा कायदा चालतो कुठवर? किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. लोणावळ्याहून लोकलने वडगावपर्यंत जावे, एवढेच. घटनेनेच अशी वाटणी केली आहे की त्या हद्दीपर्यंतची मासेमारी राज्याची आणि पलीकडची केंद्राची. आणि केंद्राची हद्द १९७६ च्या कायद्याने २०० सागरी मैलांपर्यंत गेली. तिथे परदेशी जहाजांना आवरण्यासाठी १९८१ मध्ये केंद्राने कायदा केला. आपल्याच बोटींनी तिथे कसे वागावे याचा मात्र पुरता नियम कित्येक वर्षे नव्हता, सुटे आदेश तेवढे निघत. मासळीला बिचारीला कोठे ठाऊक की वडगाव स्टेशन गेले, आता दुसऱ्याचे राज्य! २०२१ मध्ये केंद्राने एका विधेयकाचा मसुदा काढला, त्यावर पुष्कळ वाद झाला आणि तो काही कायदा झाला नाही. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये १९७६ च्याच कायद्याखाली नियम निघाले. आता १२ मैलांपलीकडे जाणाऱ्या यांत्रिक बोटींना आणि मोठ्या मोटारबोटींना प्रवेशपत्र घ्यावे लागते. पारंपरिक आणि लहान होडीवाल्यांना त्यातून वगळले आहे, ते योग्यच केले.

भावाला सर्वांत जास्त चीड दोन गोष्टींची. एक पर्ससीन जाळे. बटव्याची नाडी ओढल्यावर बटवा मिटतो, तसे हे जाळे माशांच्या अख्ख्या थव्याभोवती फिरवून खालून आवळतात. थव्यात आई, लेक, पिल्लू, जे असेल ते आत. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये या जाळ्यावर निर्बंध घातले, परवाने कमी करायचे ठरवले आणि मासेमारीचे महिनेही नेमून दिले. दुसरी गोष्ट एलईडी दिव्यांची. काळोख्या रात्री समुद्रावर प्रखर दिवे पाजळायचे, भुलून मासळी गोळा झाली की जाळे टाकायचे. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये याला बंदी केली. २०२१ मध्ये राज्याने आपला १९८१ चा कायदा सुधारला, तेव्हा या दिव्यांसाठी पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत दंड ठेवला. पूर्वी खटला तहसीलदारापुढे चाले, तो आता मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यापुढे चालतो. दंड वाढला हे चांगले झाले. परंतु एवढ्या लांबलचक किनाऱ्यावर रात्री कोण कुठे दिवा लावतो हे पाहायला माणसे आणि गस्तीच्या बोटी लागतात. नुसत्या दंडाच्या आकड्याला समुद्रावरचा माणूस भीत नाही.

भावाचे म्हणणे मी मांडले, पण त्यालाही मी एक प्रश्न विचारला. आपली ती जुनी डोल, ओहोटी-भरतीच्या ओढीवर लावायची, तिच्या टोकाचा आस बारीक असतो, त्यात पिल्ले येत नाहीत का? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "येतात."

आपल्याकडे पाहा. वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने महसीर माशांची पिल्ले तयार करण्याचे काम १९७० नंतरच्या दशकात हाती घेतले. मोठ्या माशांची अंडी काढायची, फळवायची, पिल्ले वाढवायची आणि नद्या-तलावांत नेऊन सोडायची. देशात ठिकठिकाणी इथली पिल्ले गेली आहेत. आणि इंद्रायणीच्या खाली देहूच्या डोहात श्रद्धेपोटी मासे धरीत नाहीत, हे वारीला जाणाऱ्या आपल्या सासवा सांगत. तलावाला धनी असतो, डोहाला देव असतो. समुद्राला दोन्ही नाहीत आणि पापलेटची पिल्ले हौदात वाढवून समुद्रात सोडणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. म्हणून तिथे कायद्यावाचून गत्यंतर नाही.

आता पावसाळ्याचे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. २०१५ पूर्वी केंद्राची बंदी ४७ दिवसांची होती. बिनयंत्राच्या होड्यांना मोकळीक आहे. पुष्कळ माशांचा हा विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. आमच्या लहानपणी कायद्याची गरज भासत नव्हती, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या पाण्यात जातच नसत. आगोटीला, म्हणजे पावसापूर्वीच्या तयारीला, सुकट-बोंबील भरून ठेवायचे आणि त्यावर काढायचे. मावळातल्या घरोघरीही कामशेत-वडगावच्या बाजारातून सुकी मासळी अशीच येई, अजूनही येते.

आणि नेमक्या याच दोन महिन्यांत लोणावळ्याला माणसांचा पूर लोटतो! धबधब्याखाली भिजायचे आणि गरम गरम तळलेले पापलेट मागायचे. ते येते कुठून? काही शीतगृहातले असते. काही पूर्व किनाऱ्यावरचे, कारण तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असल्याने आपल्या बंदीत तिकडच्या बोटी चालू असतात. यात बेकायदा काही नाही. पण पाहुण्याला बंदी आहे हे ठाऊकही नसते आणि ताटात मासा दिसतो म्हणून समुद्र भरलेला आहे असे त्याला वाटते.

आमची कोळीण त्या दोन महिन्यांत काय करते, हे मी तिला यंदा प्रथमच विचारले. मच्छीमारांसाठी केंद्राची एक बचत-योजना आहे, १,५०० रुपये त्याने भरायचे, ३,००० सरकारने घालायचे आणि बंदीच्या दिवसांत ४,५०० हाती यायचे. मी मोठ्या हुशारीने हे तिला सांगितले. ती हसली. म्हणाली, "बाय, साडेचार हजारांत तीन महिने तू काढून दाखव." बंदीत ती सुकी मासळी विकते, मे महिन्यात स्वतः वाळवलेली. मग मी त्या लहान पापलेटचा विषय काढला. ती म्हणाली, "मी लिलावात बोली लावते ती तुमच्याकडे बघून. तुम्ही घेता, म्हणून मी पाटीत भरते. तुम्ही सोडा, मीपण सोडीन."

गिऱ्हाइकाच्या पिशवीत कोणी डोकावून पाहत नाही. म्हणून मी मंडळातल्या मुलींकडून जाड कागदाच्या पट्ट्या कापून घेतल्या आहेत. एका बाजूला पापलेटची खूण आहे, १३५ मिलिमीटरवर, आणि दुसऱ्या बाजूला बोंबलाची, १८० वर. पट्टी बाजाराच्या पिशवीत सहज राहते. पहिल्या दिवशी कोळणीसमोर ती काढताना मला फार संकोच वाटला, तिनेच ती हातातून घेतली आणि आपल्या पाटीतले मासे मोजून पाहिले. चार परत बर्फात टाकले. दुसरीकडे विकले असतील, मी विचारले नाही.

पट्ट्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्यांनीही शेजारणीसाठी एक न्यावी.