ग्रंथपालबाईंची घोडागाडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वाचनालयाविषयी चार शब्द बोला, अशी चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली. मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गेली कित्येक वर्षे माझ्याजवळ आहे, म्हणून हा मान मला मिळाला असावा. परंतु आज मी आपल्या कपाटाची थोरवी गाणार नाही. एका दूरदेशीच्या लहानशा जिल्ह्याची गोष्ट सांगते. तीतून आपण काय घ्यावे, ते शेवटी पाहू.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात वॉशिंग्टन नावाचा एक जिल्हा आहे. राजधानीचे वॉशिंग्टन ते हे नव्हे. हॅगर्सटाउन हे त्याचे मुख्य गाव. तेथे १९०१ साली मोफत वाचनालय उघडले, आणि त्याची व्यवस्था मेरी टिटकोम ह्या बाईंकडे सोपवण्यात आली. इमारत नवी, पुस्तके नवी. दुसरी एखादी असती तर टेबलाशी बसून वाचकांची वाट पाहत राहिली असती. पण ह्या बाईंच्या मनाला एक गोष्ट लागली. वाचनालय साऱ्या जिल्ह्याचे, आणि जिल्ह्यातील अर्ध्याहून अधिक माणसे तर गावाबाहेर, शेतांवर आणि खेड्यांत राहणारी. ती येणार केव्हा?

म्हणून बाईंनी पेट्या केल्या. एकेका पेटीत तीस तीस पुस्तके घालून त्या खेड्यांतील दुकानांत आणि टपालकचेऱ्यांत ठेवल्या. मीठ-तेल न्यायला आलेल्या माणसाने पुस्तकही न्यावे, अशी योजना. थोड्याच वर्षांत अशी साठांहून अधिक ठाणी झाली. तरीही बाईंचे समाधान होईना. जी शेतकरीण दुकानापर्यंतही येऊ शकत नाही, तिचे काय?

तेव्हा १९०५ साली त्यांनी दोन घोड्यांची एक गाडी खास बांधवून घेतली. बाहेरच्या दोन्ही अंगांना फळ्या, त्यांवर सुमारे दोनशे पुस्तके, आणि आत पेट्या ठेवायला जागा. गाडी हाकायला वाचनालयाचेच रखवालदार, जोशुआ थॉमस. त्यांना जिल्ह्यातील रस्ता न् रस्ता ठाऊक होता. अमेरिकेतील पहिले फिरते वाचनालय म्हणून ही गाडी प्रसिद्ध आहे. गंमत अशी की, तिचा काळा रंग पाहून लोकांना ती प्रेत न्यायची गाडी वाटली, आणि आमच्याकडे तुमचे काही काम नाही, असे कोणी दारातूनच सांगितले! मग बाईंनी चाके आणि दारे तांबडी रंगवून घेतली.

१९१० साली रेल्वेच्या फाटकात मालगाडीची धडक बसून त्या गाडीचे तुकडे तुकडे झाले. वर्षभराहून अधिक काळ फेऱ्या बंद पडल्या. पण लोकांना सवय लागली होती, ती थोडीच मोडते? १९१२ साली घोड्यांऐवजी मोटार आली आणि पुस्तके पुन्हा दारोदार जाऊ लागली.

हे सारे परदेशचे, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच १९१० साली आपल्या श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी विल्यम बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास आणले, आणि संस्थानच्या गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. तिकडे मद्रास इलाख्यात मन्नारगुडीला १९३१ साली बैलगाडीतून वाचनालय फिरले. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपणच ती विसरलो आहोत.

आता माझ्या अपराधाविषयी. आपल्या एक सभासद काकू दर रविवारी एक कादंबरी नेत असत. मध्यंतरी त्या येईनाशा झाल्या. चार महिने पुस्तक परत आले नाही, म्हणून मी नोंदवहीत त्यांच्या नावापुढे दंड मांडला आणि वर दोनदा निरोपही पाठवला. परवा ह्या भाषणाची तयारी करताना मलाच लाज वाटली आणि मी त्यांच्या घरी गेले. गुडघ्यांमुळे त्यांना दोन जिने उतरवत नाहीत. मुलगा-सून दिवसभर कामावर. पुस्तक स्वच्छ फडक्यात बांधून उशाशी ठेवले होते. त्या म्हणाल्या, “हे मी तीनदा वाचले गं. दुसरे आणतेस का?” दंडाचे पैसे मात्र त्यांनी मोजून तयार ठेवले होते.

भगिनींनो, मी ते पैसे घेतले नाहीत, हे सांगायला नकोच. पण नऊशे पावले अंतरावर राहणाऱ्या बाईकडे जायला मला चार महिने लागले, आणि टिटकोमबाई डोंगर ओलांडून गेल्या!

आपल्याला घोडागाडी नको. दोन कापडी पिशव्या पुरेत. दर गुरुवारी दुपारी दोघीजणींनी निघावे. जिना चढवत नाही, बाळंतीण आहे, घरी आजारी माणूस आहे, अशा घरी जावे, जुने पुस्तक घ्यावे, नवे द्यावे आणि दोन शब्द बोलून यावे. पहिल्या गुरुवारची एक पिशवी मी घेते. दुसरी कोण घेणार, ते आज चहाच्या वेळी मला सांगावे. नोंदवहीत पहिले नाव काकूंचे असेल, आणि त्यापुढील दंड मी आजच खोडला आहे.