स्वागताध्यक्षांनाही सोडू नकोस



तुम्हा कुंभारांच्या या संमेलनात मलाच स्वागताध्यक्ष का, हे मी स्वागत समितीच्या पहिल्या बैठकीतच विचारलं होतं. माझा कारखाना कपबश्यांचा. पस्तीस वर्षं एकच ध्यास, एक कप दुसऱ्यासारखा निघाला पाहिजे. आमच्याकडे माल निवडणाऱ्या मावशी प्रत्येक कपाला टिचकी मारतात. खणकन वाजला तर खोक्यात, बद्द वाजला तर भंगारात. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणं चालवलं, तसंच. आणि तुमचा विषय काय, तर मातीकामातली अनिश्चितता! ज्याला मी जन्मभर नावं ठेवली, त्याचाच आज सत्कार.

म्हणून थोडं वाचलं, थोडा तुमच्यातल्या काहींच्या भट्टीपाशी जाऊन बसलो. जपानमधल्या बिझेनची गोष्ट फार आवडली. तिथल्या भांड्यांना ग्लेझ नसतो. भट्टीत रचताना ती एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालत. पेंढा जळून जाई, पण त्यातल्या पोटॅशमुळे मातीवर तांबड्या रेघा उमटत. आता खास त्या रेघांसाठी पेंढा गुंडाळतात. पॅकिंगला पेंढा आम्हीही पुष्कळ वापरला. आमच्या वाट्याला नुसता केर आला.

तांब्याच्या ग्लेझची तऱ्हा आणखी न्यारी. भट्टीत हवा कोंडली तर लाल, हवा खेळती राहिली तर हिरवा. एकाच फळीवरचे दोन कप, एक लाल अन् एक हिरवट, मी या डोळ्यांनी पाहिले. माझ्याकडे असं झालं असतं तर सुपरवायझरला दुपारीच केबिनमध्ये बोलावलं असतं.

एक मात्र स्पष्ट बोलतो, यजमानाला तेवढी मुभा असावी. ‘भट्टीनं दिलं’ म्हणून काहीही खपवलेलं मला पटत नाही. भांडं नीट वाळवलं नाही, ओल राहिली आणि ते आत फुटलं, तर तो निव्वळ आळस. बिझेनचा कुंभार रचण्यातच दिवस घालवतो. ज्वाला कुठून वळेल, राख कुणाच्या खांद्यावर बसेल, याचा हिशेब मांडतो. त्यापुढचं तेवढं आगीवर सोडतो.

तर, मागच्या आवारातली भट्टी काल रात्री बंद केली आहे. आत तुमच्यापैकी बऱ्याच जणांची भांडी आहेत आणि एक कप माझा. पस्तीस वर्षांत स्वतःच्या हातानं केलेला पहिलाच. चाकावरच वाकडा झाला, तसाच ठेवला. उद्या सकाळी दहापर्यंत कुणी दार उघडायचं नाही. एकदम गार वारा लागला तर भांडी तडकतील. आज पहाटेपासून टॉर्च घेऊन मीच दोनदा फटीतून डोकावून आलो. शेवटी तिथं राखणदार बसवला आणि त्याला बजावलं, स्वागताध्यक्षांनाही सोडू नकोस.

जेवण एक वाजता, डाव्या हाताच्या मांडवात.