अर्ध्या डॉलरची लस

नीउ-व्हेनेपहून बोलतोय. लेक व्हीडब्ल्यूओ पाचला आहे. परवा म्हणाली, "बाबा, मला लसींवर काम करायचंय." मी पटकन विचारलं, "पगार किती मिळतो गं?" एमबीएची खोड, दुसरं काय!

मग ओशाळून तिला डॉ. सुरेश जाधवांची गोष्ट सांगितली. पुण्याच्या सिरममध्ये १९७९ पासून ते होते. १९९६-९७ मध्ये आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथीत सुमारे २५ हजार माणसं गेली. लस हवी होती, पण अर्ध्या डॉलरच्या आत. बड्या कंपन्यांनी अंग काढून घेतलं, सिरमनं काम घेतलं. जंतूच्या कवचातली साखर सुरुवातीला आली ती आपल्या शेजारच्या ॲमस्टरडॅममधून! नुसत्या साखरेनं तान्ह्यांच्या अंगात नीट प्रतिकारशक्ती येत नाही. म्हणून ती धनुर्वाताच्या प्रथिनाला जोडायची. ती रीत अमेरिकेतली, लस तयार झाली पुण्यात. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. पुढे 'ए' गटाच्या साथी जवळजवळ थांबल्या. २०२१ मध्ये जाधव गेले. त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

शनिवारी लेकीला घेऊन विद्यापीठाच्या ओपन डेला निघालोय. गाडीत दोन जागा आहेत. कुणाची मुलं येणार असतील तर कळवा.