शाळेचा उंबरठा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



शाळेच्या दारातून परत पाठविलेल्या एका मुलीची हकीकत आज मी आपणांपुढे ठेवणार आहे. न्यूयॉर्क शहरात वाढलेल्या ज्युडिथ ह्यूमन हिला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. पाचव्या वर्षी आई तिला शाळेत घेऊन गेली, तेव्हा चाकांच्या खुर्चीतील हे मूल आग लागल्यास धोक्याचे ठरेल, असे सांगून तिला प्रवेश नाकारण्यात आला. पुढे तीच मुलगी शिक्षिकेच्या परीक्षेस बसली. लेखी व तोंडी परीक्षांत ती उत्तीर्ण झाली; परंतु १९७० साली वैद्यकीय तपासणीत तिला अपात्र ठरविले गेले. कारण पुन्हा आगीचेच! तिने न्यायालयात दाद मागितली आणि अखेर ती वर्गात उभ्या मुलांपुढे खुर्चीत बसून शिकवू लागली.

एकीला न्याय मिळाला, तरी इतरांची वाट मोकळी झाली नव्हती. अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील ५०४ व्या कलमाने, सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वाच्या कारणावरून कोणासही वगळण्यास मनाई केली होती. तथापि त्याच्या नियमांवर सही होईना. तेव्हा ५ एप्रिल १९७७ रोजी सुमारे दीडशे माणसांनी सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी कचेरीत ठाण मांडले. दूरध्वनी बंद करण्यात आले, तर कर्णबधिर मंडळींनी खिडकीतून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप धाडले. ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यकर्ते त्यांना जेवण पोहोचवीत. २८ एप्रिल रोजी नियमांवर सही झाली.

ही हिंमत त्यांच्यात कोठून आली? त्यांच्यापैकी कित्येकजण लहानपणी कॅट्स्किल डोंगरातील जेनेड नावाच्या उन्हाळी शिबिरात एकत्र राहिले होते. १९७१ साली तेथे झालेले चित्रण जपून राहिले. त्या शिबिरात गेलेले जेम्स लेब्रेक्ट यांनी निकोल न्यूनहॅम यांच्यासह त्यावरून २०२० साली 'क्रिप कॅम्प' हा माहितीपट काढला. त्यातील एक प्रसंग शिक्षकाने अवश्य पाहावा. एक मुलगी अत्यंत अस्पष्ट उच्चारांत बोलत आहे. भोवतालची मुले तिला थांबवीत नाहीत, हसत नाहीत. तिचे म्हणणे पुरे होईपर्यंत ऐकत राहतात. आपले म्हणणे कोणी ऐकून घेते, हा अनुभव ज्या मुलांना तेथे मिळाला, तीच पुढे सरकारपुढे निर्भयपणे बोलली.

आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तेव्हा त्याला शाळेत घेणे हा आपला उपकार नव्हे. आपल्या हजेरीपटावर नाव असून घरीच बसलेले मूल आहे काय, पायरीपाशी उतार आहे काय, अडखळत उत्तर देणाऱ्या मुलासाठी आपण क्षणभर थांबतो काय, हे प्रत्येकाने उद्याच पाहावे.

ह्यूमनबाई ४ मार्च २०२३ रोजी निवर्तल्या. त्यांना बंद झालेले दार आपल्या गावात कोणाही मुलाला बंद असू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.